येतो, येईन, येणार आहे : इंग्रजीतला भविष्यकाळ मराठीतून शिकताना



मध्य रेल्वेच्या रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात मथळ्यांच्या आधी वाचली जाते. तिचं मराठी ठरलेलं असतं. डाऊन जलद मार्गावरील गाड्या धीम्या मार्गावर वळवण्यात येतील, अमुक स्थानकांवर थांबतील, नियोजित वेळेपेक्षा १५ मिनिटं उशिराने पोहोचतील. इंग्रजी पत्रकही याच चालीचं, क्रियापदागणिक एक 'विल'. हीच बातमी घरात कशी सांगितली जाते ते पाहा : 'उद्या ब्लॉक आहे. फास्ट गाड्या स्लोवरून जाणार. उशीर होईल. मी आपली लवकरच निघते.' वाक्यं चार, चारही उद्याविषयीची, आणि क्रियापदाची रूपंही चार. ब्लॉक 'आहे', कारण तो कागदावर पक्का झालाय. गाड्या 'जाणार', कारण तशी व्यवस्था लागलेली आहे. उशीर 'होईल', कारण तो बोलणारीचा अंदाज आहे. आणि 'निघते' हा निर्णय, त्याच क्षणी झालेला. आता हेच इंग्रजीत सांगायचं तर 'देअर इज अ ब्लॉक टुमॉरो', 'द फास्ट ट्रेन्स आर गोइंग टू रन ऑन द स्लो लाइन', 'वी विल बी लेट' आणि 'आय विल लीव्ह अर्ली'. पहिल्या तिन्ही वाक्यांत दोन्ही भाषा हातात हात घालून चालल्या. चौथ्यात मराठीने साधा वर्तमानकाळ वापरला आणि इंग्रजीने 'विल'.

मला आज मांडायचं आहे ते या चार वाक्यांत जवळपास सगळं आलं आहे. इंग्रजीत भविष्याविषयी बोलण्याची जी वेगवेगळी रूपं आहेत, ती गोष्ट कधी घडणार हे फारसं सांगत नाहीत. ते काम 'उद्या', 'पुढच्या महिन्यात' हे शब्द करतात. बोलणारा कशाच्या भरवशावर बोलतो आहे, हे ती रूपं सांगतात : वेळापत्रकाच्या, ठरलेल्या बेताच्या, समोर दिसणाऱ्या चिन्हांच्या, निव्वळ अंदाजाच्या, की आत्ता मनात आलेल्या निश्चयाच्या. असा भेद बोलती मराठीही करते, आणि पुष्कळ बारकाईने करते. तरीही आपला विद्यार्थी इंग्रजीत आला की सगळीकडे 'विल' लावून मोकळा होतो. याचा दोष मातृभाषेच्या माथी मारण्याची रीत आहे. माझ्या मते दोष मातृभाषेचा नाही, शाळेत तिच्या जागी जी कोष्टकाची मराठी शिकवली जाते, तिचा आहे.

कोष्टक आलं कुठून ते थोडक्यात सांगतो. इंग्रजी क्रियापदाला भूतकाळाचं रूप आहे, भविष्यकाळाचं नाही. 'विल' हा मुळात इच्छा सांगणारा शब्द, 'शाल' हा देणं लागण्याचा, आणि 'गोइंग टू' हे तर सरळ चालणं. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांनी २००२ साली केंब्रिजचं जे मोठं व्याकरण सिद्ध केलं, त्यात इंग्रजीला भविष्यकाळ नाही असं स्वच्छ म्हटलं आहे. पण लॅटिनला भविष्यकाळ होता, आणि जुने व्याकरणकार लॅटिनचा चष्मा लावून इंग्रजीकडे पाहत. जॉन वॉलिस यांनी १६५३ साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं तेही लॅटिनमध्ये, आणि प्रथमपुरुषी 'शाल', इतरांना 'विल' हा नियम तिथे बांधला गेला. अडीचशे वर्षांनी, १९०६ मध्ये, फाउलर बंधूंनी याच नियमावर पानंच्या पानं खर्च केली, आणि हा भेद दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्यालाच आपसूक येतो, इतरांना शिकवून येणं कठीण, अशीही कबुली दिली. जो नियम स्कॉटलंड-आयर्लंडच्या माणसाला पेलत नव्हता, तो इकडे पिढ्यान्‌पिढ्या 'आय शाल, यू विल' असा पाढ्यांसारखा म्हणवून घेतला गेला.

त्याच काळात मराठीलाही व्याकरण मिळत होतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ सालचं. त्यांच्यामागून मोरो केशव दामल्यांपर्यंत (त्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचं) मोठी विद्वान मंडळी संस्कृत आणि इंग्रजी या दोन साच्यांतून मराठीला मोकळं कसं करावं याच्याशी झगडत होती. शाळेच्या वहीत मात्र त्या झगड्यातलं काही उतरलं नाही. तिथे उतरला तीन काळांचा आणि चार उपप्रकारांचा बारा घरांचा तक्ता. भाषांतर हीच शिकवण्याची पद्धत होती, तेव्हा प्रत्येक घरात एक इंग्रजी आणि एक मराठी वाक्य बसवणं भागच होतं. 'आय विल राइट' म्हणजे 'मी लिहीन', 'आय विल बी रायटिंग' म्हणजे 'मी लिहीत असेन', 'ही विल हॅव रिटन' म्हणजे 'त्याने लिहिलं असेल'. तक्ता दिसायला नेटका आहे. पण त्यातलं शेवटचं वाक्य जरा कानाशी नेऊन ऐका. 'त्याने पत्र लिहिलं असेल' हे वाक्य कोणी उद्याविषयी बोलतं का? होऊन गेलेल्या गोष्टीबद्दलचा तो तर्क आहे. 'बाबा एव्हाना ठाण्याला पोहोचले असतील' यात भविष्यकाळ औषधालाही नाही. आणि मौज अशी की इंग्रजीतही 'ही विल हॅव रीच्ड ठाणे बाय नाऊ' हे अगदी याच अर्थाने म्हणतात. म्हणजे तक्त्याने जोडी बरोबर लावली, पण दोन्हींवर पाटी चुकीची टांगली. तर्काला तर्क म्हणून शिकवलं असतं तर मुलाला ते एका दिवसात उमगलं असतं. 'पूर्ण भविष्यकाळ' म्हणून शिकवल्यावर ते परीक्षेपुरतं पाठ होतं.

आता मराठीकडे जरा निवांत पाहू. 'करील', किंवा हल्लीच्या बोलण्यात 'करेल', हे रूप म्हणजे जुनं 'करी' आणि त्याला लागलेला 'ल'. तृतीयपुरुषी वाक्यात आज त्याला अंदाजाचा वास येतो. 'तो उद्या येईल' असं म्हणणाऱ्याला 'नक्की का?' असं विचारता येतं. 'तो उद्या येणार आहे' म्हटल्यावर तो प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही, विचारलाच तर 'कोण म्हणालं?' असं विचारतात. प्रथमपुरुषात 'येईन' हे शब्द दिल्यासारखंही असू शकतं आणि तोंडाला पानं पुसल्यासारखंही. 'येईन कधीतरी' म्हणणाऱ्या पाहुण्यासाठी कोणी पोळ्या वाढवून लाटत नाही, 'येणार आहे' असा निरोप आला की कणीक जास्त भिजते. याचं कारण 'णार'च्या घडणीत आहे. करणारा, सांगणारा, येणारा ही कर्त्याची नावं. 'तो येणार आहे' म्हणजे तो येणाऱ्यांतला आहे. त्याचं येणं ही त्याची आजची स्थिती झाली. संस्कृतातही दोन भविष्यं होती, आणि त्यातलं एक, 'गन्ता', असंच कर्तृवाचक नामावरून घडलं होतं. पाणिनीने ते 'आजचं नसलेल्या' भविष्याला लावून दिलं. गोव्याच्या कोंकणीत हा भेद याहून उघड आहे : 'हांव येतलों' हे पक्कं येणं, 'हांव येन' हे जमलं तर येणं. आपल्या वैयाकरणांच्या परंपरेला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी शाळेच्या तक्त्याला नाही. वर्तमानाला अगदी चिकटून असलेलं भविष्य वर्तमानकाळाच्या रूपाने सांगायला पाणिनीने मोकळीक दिली आहे, आणि ज्याची आशा आहे ते भूतकाळाच्या रूपानेही. अजून जिना उतरायचाय आणि माणूस फोनवर 'आलोच' म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत असला तरी व्याकरण पाळतो आहे.

विद्यार्थी नेमका कुठे ठेचकाळतो ते एका घरगुती प्रसंगावरून दाखवतो. बेल वाजते. चौघं बसलेली आहेत. एक जण उठत म्हणते, 'थांबा, मी उघडते.' ती 'मी उघडीन' म्हणत नाही, तसं म्हटलं तर बाकीचे तिच्याकडे पाहत राहतील, दार बंदच राहील. 'मी उघडणार आहे' म्हटलं तर ते भांडणासारखं ऐकू येईल. या जागी मराठीला साधा वर्तमान हवा, आणि इंग्रजीला 'आय विल गेट इट'. तक्ता पाठ असलेला मुलगा काय करतो? 'उघडते' हा वर्तमानकाळ, म्हणून 'आय ओपन द डोअर' किंवा 'आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर'. मग पाहुणे आत येतात आणि दुसरी विचारते, 'चहा टाकू का?' हे 'टाकू' तक्त्याच्या कुठल्याच घरात नाही, आणि बोलत्या इंग्रजीत 'शाल'चं जे एक जिवंत ठिकाण आज उरलं आहे, ते नेमकं हेच आहे : 'शाल आय मेक टी?' आज मुंबईत आणि लंडनमध्येही 'शाल' रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेलं, पण विचारणा करताना अजून ऐकू येतं. 'आय शाल, वी शाल' घोकलेल्या मुलाला हे 'शाल' 'टाकू का'चं आहे हे मात्र कोणी सांगितलेलं नसतं. पुढे पाहुणे सांगतात, 'मुलगी जूनमध्ये पुण्याला जाणार आहे, प्रवेश झालाय.' इथे इंग्रजीत 'शी इज गोइंग टू पुणे इन जून'. 'शी विल गो' चूक नाही, पण त्यात प्रवेश झाल्याची बातमी विरून जाते. गॅलरीच्या कठड्यावर चढणाऱ्या मुलाला 'अरे, पडशील!' म्हटलं जातं, तिथे 'यू विल फॉल', कारण तो खाली उतरला तर पडणार नाही. फळीच्या कडेला आलेला डबा मात्र 'पडणार बघ', 'इट्स गोइंग टू फॉल'. ज्या मुलाला 'पडशील' आणि 'पडणार' यांतला फरक चालायला लागल्यापासून कळतो, त्याला आपण दहावीत तोच फरक परका म्हणून शिकवतो.

सर्वांत जास्त लाल शाई खाणारी चूक 'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम' ही. शिक्षक म्हणतात, मुलं मराठीत विचार करतात म्हणून असं लिहितात. मुलं मराठीत विचार करत असती तर असं लिहिलंच नसतं. घरी सहसा कोणी 'जेव्हा तो येईल तेव्हा मी त्याला सांगेन' असं बोलत नाही. 'तो आला की सांगते' असं बोलतात. 'पाऊस पडला तर नको जाऊ', 'गाडी चुकली तर फोन कर'. या उपवाक्यांत मराठी भविष्याचं रूप वापरतच नाही, इंग्रजीही वापरत नाही. इंग्रजी तिथे वर्तमान ठेवते, मराठी भूत. 'जेव्हा-तेव्हा'ची रचना मराठीचीच आहे, पण भाषांतराच्या वर्गात 'व्हेन'साठी तीच एक ठरवून दिलेली असते, आणि त्याच मराठीवरून परत इंग्रजीत गेलं की नको असलेलं 'विल' तिथे उगवतं. 'आला की' पासून निघालेल्या मुलाला फक्त एवढंच सांगावं लागेल की तुझ्या भूतकाळाच्या जागी इंग्रजी वर्तमानकाळ घेते. चूक तेव्हाही होईल, पण ती वेगळी आणि लवकर सुटणारी असेल.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की मातृभाषेची कुबडी घेतली की माणूस कायमचा कुबडीवर चालतो, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकावी. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामागे ही भूमिका होतीच. इंग्रजीच्या सहवासात दिवसाचे आठ तास घालवणाऱ्या मुलाच्या बाबतीत मला ती मान्य आहे. डोंबिवली पूर्वेच्या मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेतल्या मुलाला तो सहवास तासिकेपुरता मिळतो, आणि त्या तासिकेतही शिक्षक नियम मराठीतच समजावतात. तेव्हा मराठी वर्गात येणार की नाही हा प्रश्नच उरत नाही. कोणती मराठी येणार, बोलती की तक्त्याची, एवढंच ठरवायचं आहे.

दुसरा आक्षेप इथल्या वस्तीचा आहे. कोणाची मराठी? मुंब्र्यात उर्दू, उल्हासनगरात सिंधी, कल्याण पूर्वेला भोजपुरी-हिंदी, डोंबिवलीत मालवणी, गुजराती, तमिळ, खाडीकाठच्या गावांत आगरी. एका बाकावरच्या दोन मुलांची घरची भाषा एक नसते. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पण तपासून पाहिलं तर निदान शेजारची हिंदी हेच भेद करताना दिसते. दार 'मैं खोलता हूँ', येणं 'आएगा' आणि 'आने वाला है', जिन्यावरचा माणूस 'बस, आया'. 'वाला'ची घडणसुद्धा 'णार'सारखी कर्त्याच्या नावाची. उर्दूतही तेच. तमिळबद्दल मी असं सरसकट म्हणणार नाही, तिथे तमिळ जाणणाऱ्या शिक्षकालाच विचारावं लागेल. तरी सगळ्या वर्गासमोर 'तुझ्या घरी दार उघडताना काय म्हणतात?' हा प्रश्न टाकता येतो, आणि उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिता येतात. बारा घरांच्या तक्त्यापेक्षा तो फळा जास्त शिकवेल.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. वागळे इस्टेटीतल्या कार्यालयात किंवा ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये 'विल'ने सगळं निभतं, समोरच्याला कळतं, मग एवढा कीस कशाला? शिवाय इंग्लंड-अमेरिकेतले लोकही 'विल' आणि 'गोइंग टू' सर्रास अदलाबदलीने वापरतात. हे दोन्ही खरं आहे. रूपांची क्षेत्रं एकमेकांवर चढलेली आहेत आणि मधल्या भागात कोणतंही चालतं. भारतीय इंग्रजीची स्वतःची वळणंही आहेत, ती पुसून टाकावीत असं माझं मुळीच म्हणणं नाही. 'आय अ‍ॅम रीचिंग इन टेन मिनिट्स' हे आपल्याकडचं सुबोध इंग्रजी आहे, त्यावर हसणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पण कडेला गेलं की भेद धारदार होतो. 'वी विल सेंड द रिपोर्ट टुमॉरो' असं लिहून पाठवणाऱ्याच्या मनात अंदाज असतो, वाचणारा त्याला वचन समजतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघंही स्वतःला प्रामाणिक मानून चिडतात. भाषा कळली नाही असं इथे झालेलं नाही. भरवसा किती ठेवायचा, ते कळलं नाही.

आणि जिथे या भेदाला पैशाचं मोल आहे, ते घरखरेदीचं क्षेत्र तर या भागात घरोघरी आहे. घोडबंदर रस्ता, कल्याण-शीळ रस्ता, कुठेही उभे राहा, नव्या इमारतींचे फलक दिसतील. फलकावर बहुधा क्रियापदच नसतं, 'लवकरच ताबा' एवढंच असतं. माहितीपत्रकात 'विल' येतं. नोंदणीकृत करारात 'शाल' येतं. कायद्याच्या इंग्रजीत 'शाल' हे भविष्य नाही, बंधन आहे (न्यायालयं क्वचित संदर्भ पाहून त्याला सौम्य करतात, तो भाग वेगळा). घर घेणाऱ्याच्या संरक्षणाचा १९६३ चा मोफा कायदा असो की २०१६ चा रेरा, करारात लिहिलेल्या तारखेला ताबा द्यायला विकासक चुकला तर घेणाऱ्याला पैसे व्याजासह परत मागता येतात. रेराचं १८वं कलम बोलतं ते करारातल्या तारखेविषयी. पत्रकातलं 'विल' आणि करारातलं 'शाल' ही दोन्ही मराठीत आणली की 'विकासक ताबा देईल' असं एकच वाक्य उरतं. कायद्याच्या मराठीत 'देईल', 'करील' हे आज्ञार्थाचं रूप म्हणून रुळलं आहे, पण घेणाऱ्याच्या कानाला तृतीयपुरुषी 'देईल' अंदाजाचंच ऐकू येतं : देईल बहुतेक. सरकारी कचेरीतल्या कारकुनाला हे अनुभवाने कळलं असावं, कारण त्याने आपल्यापुरता तोडगा शोधला आहे. त्याच्या नोटिशीत थकबाकीदार दंडास पात्र 'राहील', अटी बंधनकारक 'राहतील'. या 'राहील'ची आपण चेष्टा करतो, पण 'शाल'चं ओझं ते पेलतं. 'विकासकावर ताबा देणे बंधनकारक राहील' हे वाक्य सुंदर नाही. पण सही करणाऱ्याला ते नेमकं कळतं.

मग शिकवावं कसं? माझी सूचना क्रमापुरती आहे, नवी पुस्तकं छापण्याची नाही. सुरुवात 'विल'पासून करू नये. आधी 'ब्लॉक आहे', 'गाडी ८.१२ ला सुटते' या वेळापत्रकाच्या वाक्यांतून साधा वर्तमान घ्यावा, तिथे मराठी आणि इंग्रजी तंतोतंत जुळतात आणि मुलाला धीर येतो. मग 'णार' घ्यावा आणि त्याचे इंग्रजीतले दोन धागे, ठरलेला बेत ('शी इज गोइंग टू पुणे') आणि दिसणारं चिन्ह ('इट्स गोइंग टू फॉल'), सावकाश सोडवावेत. इथे मराठी एकच रूप वापरते आणि इंग्रजी दोन, म्हणून वेळ लागेल, तो द्यावा. त्यानंतर 'मी उघडते' आणि 'टाकू का?' समोरासमोर ठेवून 'विल' आणि 'शाल' आणावेत. 'येईल'चा अंदाज त्यानंतर. 'आला की' आणि 'पडला तर' यांना एक संपूर्ण आठवडा द्यावा, आणि त्या आठवड्यात 'जेव्हा-तेव्हा' फळ्यावर येऊ देऊ नये. 'लिहिलं असेल' सगळ्यांच्या शेवटी, नववीत, आणि 'बाबा एव्हाना कुठे पोहोचले असतील?' या प्रश्नापासून.